सोमवारी या

बाजारगल्लीतल्या पतसंस्थेच्या सेक्रेटरीला सगळे कुलूपताई म्हणायचे, आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. संध्याकाळी शटर खाली आलं की ती कुलूप लावायची, ओढून बघायची, चार पावलं पुढे जायची आणि परत येऊन पुन्हा ओढून बघायची. समोरचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरूनच ओरडायचा, "ताई, लागलंय! मी साक्षीदार!" तरी ती परत यायचीच. तिचं लग्नही म्हणे कुलपापायीच मोडलं. मुलगा चांगला होता, घरही चांगलं होतं, पण घराला मागचं दार होतं आणि त्याला कडी नव्हती. हे खरं की सलूनवाल्याने रचलेलं, देव जाणे. तिला ओळखणाऱ्या कुणाला मात्र ते खोटं वाटलं नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. हिच्या पाठीमागे राक्षसबिक्षस काही नव्हता. अर्धवट खाली आलेलं एक शटर होतं.

ती शाळेत असतानाची गोष्ट. वडील फरश्या बसवायचे. गुडघ्यांवर आयुष्य काढलेला माणूस. हाती येईल त्यातलं थोडं कामगारांच्या एका पतपेढीत टाकायचा. पुढे त्यांच्या पोटात दुखायला लागलं, ऑपरेशन ठरलं, आणि आई हिचा हात धरून पैसे काढायला गेली. पतपेढीसमोर रांग होती. रांगेत कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं, हे तिला सगळ्यात जास्त आठवतं. दोघींचा नंबर जवळ आला तेवढ्यात शटर खडखडत कमरेपर्यंत खाली आलं आणि त्याखालून एका कारकुनाने वाकून डोकं बाहेर काढलं. कपाळ घामाने डबडबलेलं. "सोमवारी या," तो म्हणाला. सोमवारी शटरला कुलूप होतं. मंगळवारीही होतं, आणि ते पुढे कधी निघालंच नाही. वडील त्याच महिन्यात गेले. पैसे असते तरी वाचले असतेच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आईने ते कधी मानलं नाही.

अशी मुलगी मोठी होऊन पतसंस्थेतच नोकरी धरते म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला. "जग ओस पडलंय का गं? दुसरीकडे कुठं कारकून लागत नाहीत?"

"शटरच्या आत माणसं काय करतात ते मला बघायचंय," ती म्हणाली.

आत माणसं चहा पितात आणि बेरजा करतात, एवढंच तिला दिसलं. पण भीती काही हटली नाही. बघता बघता ती सेक्रेटरी झाली आणि भीतीला तिने कामाला लावलं. जागा बदलायची वेळ आली तेव्हा तिने मुद्दाम मागचं दार नसलेले दोन खण शोधले. पुढे काउंटर आणि एक बाक, आत कपाट आणि चहाची शेगडी. आणि एक रीत पाडली: सभासदाने पैसे मागितले की त्याच दिवशी द्यायचे. कशाला हवेत, हे विचारायचं नाही. 'उद्या' हा शब्द काउंटरवर बंद. कॅशियर नवा असताना इस्त्रीवाल्या मावशींना एकदा "उद्या बघू" म्हणून गेला, तर ताईने त्याला बाजूला सारून मावशींना स्वतः पैसे मोजून दिले आणि दिवस मावळेपर्यंत त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. शिंपी, सुतार, सायकलवाले, सलूनवाले, सगळी गल्ली बाहेर छाती फुगवून सांगायची, "आमच्या संस्थेत मागितले की मिळतात."

ही रीत पाळायची तर पैसे हाताशी हवेत. सगळे कर्जाऊ वाटून चालत नाही. म्हणून लोकांच्या ठेवींतला मोठा हिस्सा ती चौकातल्या मोठ्या बँकेत ठेवायची. तिथे काचेची दारं होती, बंदूकवाला पहारेकरी होता, आणि फरशी इतकी सरळ बसवलेली की वडिलांनीसुद्धा मान डोलावली असती. रस्त्यापलीकडे एक सहकारी बँकही होती आणि ती अर्धा टक्का व्याज जास्त द्यायची. पण सहकारी म्हटलं की हिच्या डोळ्यांपुढे शटर यायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही ताकाच्या वाटेलाच गेली नाही. तिचे आणि आईचे म्हणून जे काही पैसे होते तेही त्याच मोठ्या बँकेत. संस्थेत तिचा एक शेअर होता, नोकरीला लागताना घ्यावाच लागतो तो. सहकारी संस्था चालवणाऱ्या बाईचा सहकारावर कवडीचा भरवसा नव्हता, हे आईला ठाऊक होतं आणि कॅशियरला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणी कधी विचारलं नव्हतं.

मग कर खात्याची नोटीस आली.

तिने ती वाचली. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे काका. ती त्यांना दुकानातून उठवून थेट संस्थेच्या कर सल्लागाराकडे घेऊन गेली. हा सल्लागार मवाळ आवाजाचा माणूस, वाईट बातमी नेहमी बिस्किटाबरोबर द्यायचा. त्याने आधी बशी पुढे केली तेव्हाच दोघं काय ते समजले.

"हे बघा ताई, संस्थेने सभासदांना कर्ज दिलं, त्याचं व्याज आलं, तर त्याला कर माफ. पैसा आपसातच फिरला ना. तेच जास्तीचे पैसे दुसऱ्या सहकारी संस्थेत ठेवले असते तरी त्या व्याजाला सूट मागता आली असती. पण तुम्ही ठेवले मोठ्या बँकेत. ते व्याज तुमच्या कामातलं नाही, बाहेरचं. त्याला सूट नाही."

"पण सभासदांना लगेच देता यावेत म्हणूनच ठेवले होते हो!"

"कशासाठी ठेवले ते ते नाही बघत. कुठं ठेवले ते बघतात. आणि आपण दर वर्षी ते व्याज माफच धरत आलो. मागची वर्षं सगळी उघडलीयेत त्यांनी, वर दंडाचं म्हणतायत. घ्या, बिस्कीट घ्या."

एकूण किती, ते त्याने कागदाच्या कोपऱ्यात लिहून काकांपुढे सरकवलं. काकांनी सवयीने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच काढून ठेवलं. मोठा करून बघण्यासारखा तो आकडा नव्हता. संस्थेची वर्षानुवर्षांची गंगाजळी त्यात धुऊन निघाली असती.

त्या दिवसापासून ताईच्या तोंडचं पाणी पळालं. अनोळखी माणूस पायरी चढला की तो कर खात्याचाच वाटायचा. एकदा तर पत्ता विचारायला आलेल्या म्हाताऱ्याला तिने खुर्ची देऊन पाणी दिलं आणि सगळा हिशेब दाखवायची तयारी केली. खरं सांगायचं तर तिला कराची भीती नव्हतीच. कर म्हणजे एक रक्कम, भरली की संपली. तिला भीती गल्लीची होती. नोटीस आली हे एकाला कळणार, तो दोघांना सांगणार, आणि एका सकाळी शटरसमोर रांग असणार. गप्प उभी असलेली रांग.

कर खात्याच्या सुनावणीला तिघं गेले. अधिकारी बाई ताईच्याच वयाच्या होत्या, सर्दीने बेजार, रुमाल नाकाला लावूनच बोलत होत्या. सल्लागार इथे मात्र भलताच खणखणीत निघाला. त्या बँकेतल्या रकमेवर संस्था स्वतः सभासदांना व्याज देतेच, ते खर्च म्हणून वजा करा, उरेल त्यावर कर लावा, असं त्याने मांडलं. काही लपवलेलं नाही, तेव्हा दंड कशाचा? बाईंनी आकडेमोड केली, दोनदा शिंकल्या आणि मान्य केलं. आकडा निम्म्याहून खाली आला. गंगाजळी वाचली, फक्त या वर्षीचा लाभांश जाणार होता.

"एक विचारू?" कागद आवरता आवरता अधिकारी बाई म्हणाल्या. "समोरची सहकारी बँक व्याज जास्त देत होती. तिथे ठेवले असते तर हा करही टळला असता. म्हणजे दोन्हीकडून नुकसानच की. का हो असं?"

"ही बँक सुरक्षित वाटली," ताई पुटपुटली.

"पतसंस्थेच्या सेक्रेटरीलाच सहकारी बँक सुरक्षित वाटत नाही?" बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत.

जिन्यात काका म्हणाले, "हे सभेत विचारणार बरं का. काहीतरी ठरवून ठेव." एरवी ते तिला अहोजाहो करायचे. त्या दिवशी लेकीशी बोलावं तसं बोलले.

वार्षिक सभा गुरुवारी संध्याकाळी सुतारांच्या कारखान्यात भरली. करवतीचा भुसा झाडून बाकं मांडलेली. ताईने नोटिशीपासून सगळं सांगितलं आणि या वर्षी लाभांश नाही, हेही सांगितलं. कुरकुर झाली. अर्ध्या टक्क्याचं गणित एका शिंप्याने कातरीसारखं चालवलं आणि इतक्या वर्षांत किती बुडाले ते मोठ्याने वाचून दाखवलं. ताई उभीच होती. एवढ्यावर निभावलं असं तिला वाटतंय तोच मागच्या बाकावरून इस्त्रीवाल्या मावशी उठल्या. दिवसभर वाफेत उभं राहून त्यांचा चेहरा कायम लाल असायचा.

"ताई, मला त्या करातलं ओ की ठो कळत नाही. मला एकच सांगा. तुमचे स्वतःचे पैसे कुठं असतात?"

काउंटरवर कधी मान खाली न घालणाऱ्या कॅशियरने मान खाली घातली. ताईला खोटं बोलता आलं असतं. 'इथंच, अजून कुठं असणार?' एवढं म्हटलं असतं की सभा संपली असती, लोक चहा पिऊन घरी गेले असते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण कपाळावर घाम फुटलेला तिला जाणवला. तसाच घाम तिने पूर्वी एकदा पाहिला होता, खालून वर बघणाऱ्या एका चेहऱ्यावर.

"मोठ्या बँकेत," ती म्हणाली. "इथं माझा एक शेअर आहे. बाकी काही नाही."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. ताईला वडिलांचं सांगायचं होतं, त्या शटरचं सांगायचं होतं, तिने तोंड उघडलंही. पण बाकं सरकायला लागली होती. मावशी दारातून बाहेर पडताना शेजारणीला म्हणाल्या, "जी स्वयंपाक करते तीच जेवत नाही म्हटल्यावर आपण काय समजायचं?"

शुक्रवारी सकाळी ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि जागीच थिजली. रांग सलूनच्या पुढे गेली होती. ओळखीचीच माणसं सगळी, रोज हसून बोलणारी, आणि आज जो तो पुढच्याच्या पाठीकडे बघत उभा. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. परत फिरावं, किल्ल्या काकांच्या दुकानात टाकाव्यात आणि आईला घेऊन कुठेतरी निघून जावं, असं तिच्या मनात आलं, अगदी खरोखर आलं. मग ती रांगेच्या कडेकडेने पुढे गेली आणि तिने शटर वर केलं. पूर्ण वर, खटकन आवाज येईपर्यंत.

"मागतील त्यांना दे," तिने कॅशियरला सांगितलं. "विचारू नकोस. मी बँकेत जाऊन ठेव मोडून येते."

"ताई, गल्ल्यातलं दुपारपर्यंतसुद्धा पुरायचं नाही."

"म्हणून तर पळते."

मोठ्या बँकेच्या मॅनेजरने तिला गार पाणी दिलं. बसायला सांगितलं. पडद्यावर काहीतरी बघितलं आणि ओठ पुढे काढले. "ठेव मोठी आहे. मुदतीआधी मोडायची तर वरून मंजुरी लागते. आज शुक्रवार, उद्या दुसऱ्या शनिवारची सुट्टी. आता कुणी सही करायचं नाही." मग अगदी गोड आवाजात तो म्हणाला, "सोमवारी या."

ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कपाळ कोरडं होतं त्याचं. टेबल काचेचं, पाणी गार, खाली वडिलांना आवडली असती अशी फरशी, आणि शब्द तेच. जिच्या भरवशावर जन्म काढला, व्याज कमी घेतलं, कर ओढवून घेतला, तीच बँक म्हणत होती सोमवारी या. तिला हसू येईल असं वाटलं आणि ओकारी आली. तिने तोंडाला पदर लावला.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मॅनेजरने विचारलं.

"माझं बचत खातं आहे इथं," ती म्हणाली. "आईचं नि माझं मिळून. त्यातले काढता येतील आज?"

"तुमचे वैयक्तिक? हो, ते लगेच. किती?"

किती, हे सांगायला तिला वेळ लागला. ते आईच्या म्हातारपणाचे पैसे होते. उद्या आईचं काही दुखलं, ऑपरेशन निघालं, तर याच पैशांना हात घालायचा, असं दोघींचं ठरलेलं. एका माणसाच्या औषधपाण्याचे पैसे घेऊन पतसंस्थेत टाकायचे, आणि तेही रांग लागलेली असताना! ती पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली होती, फक्त या वेळी आईचा हात धरलेला नव्हता आणि आईला विचारलेलंही नव्हतं.

"सगळे," ती म्हणाली.

परत आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि रांग तेवढीच. मागचं दार असतं तर पैसे हळूच नेऊन गल्ल्यात टाकले असते. पण मागचं दार नव्हतं, तिनेच शोधून शोधून नसलेलं घेतलं होतं. शिवाय ठेव म्हणजे ठेव. ती काउंटरवरूनच जाते. पिशवी पोटाशी घट्ट धरून ती रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढचा माणूस वळला. सलूनवाला होता.

"अरेच्चा! ताई, तुम्हीपण काढायला?"

"माझे इथं आहेतच कुठं काढायला?" ती म्हणाली. आवाज फाटला. "भरायला आलेय."

सलूनवाल्याला एवढ्यावर कधी गप्प बसता आलं आहे? तो पुढच्याला म्हणाला, तो त्याच्या पुढच्याला, आणि माना एकेक करून मागे वळायला लागल्या. काहींना पटलं नाही. एकजण म्हणाला, नाटक आहे. काही जण थोडा वेळ घुटमळले, मग पासबुक खिशात घालून कामाला गेले. शिंपी गेला. सलूनवाला गेला नाही, पण नंबर आल्यावर त्याने निम्मेच काढले आणि "घरी विचारतील, काहीतरी दाखवायला हवं," असं ओशाळून म्हणाला. इस्त्रीवाल्या मावशींनी मात्र पैन् पै काढली. बोट ओलं करून नोटा मोजल्या आणि ताईकडे न बघता निघून गेल्या. ताईला वाईट वाटलं, पण राग आला नाही. रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचं मन तिला आतून माहीत होतं.

तिचा नंबर आला तेव्हा गल्ल्याचा तळ दिसत होता. कॅशियर सकाळपासून एकच वाक्य म्हणत होता, तेच त्याच्या तोंडून गेलं. "काढायचे की भरायचे?" वर बघितलं आणि त्याचे डोळे भरले.

"भरायचे. माझ्या नावावर. खातं उघड."

तिने पिशवी काचेखालून सरकवली, पण हात सुटेना. बोटं बंदाला चिकटून बसली होती. कॅशियरने दोन्ही हातांनी, लहान मुलाच्या मुठीतून खेळणं काढावं तशी ती बोटं हळूच सोडवली. मागून आलेल्यांना त्याने त्याच नोटा दिल्या. बंद करायची वेळ टळून गेली तरी शटर वरच होतं. शेवटचा सभासद गेला तेव्हा गल्ल्यात फक्त चिल्लर उरली होती. पण ज्याने मागितले त्याला मिळाले होते.

मग तिने कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पावलं गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. सलूनवाला दारातून बघत होता, पण आज तो काहीच ओरडला नाही.

घरी आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. ताईने चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसली असती तर जमलं नसतं. आईचा हात थांबला.

"म्हणजे आपले पैसे आता..."

"संस्थेत. म्हणजे संस्थेतही नाहीत, लोकांना दिले. उद्या-परवा आम्हालाही सुट्टी. सोमवारी बँक देईल, मग येतील परत."

"आणि नाही दिले तर?"

ताईने किल्ल्या खुंटीला अडकवल्या.

"बापाचे गेले," आई म्हणाली, "आता माझे." एवढं बोलून ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला. ताई भिंतीला टेकून उभी होती. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकान बंद करत होतं, त्या खडखडाटाने दोघींनीही एकदमच मान वर केली आणि एकमेकींकडे पाहिलं.

"सोमवारी किती वाजता उघडतेस?" आईने विचारलं.

"नऊला."

"मग मीही येते," आई म्हणाली. "आत बसेन. आत माणसं काय करतात ते मलाही बघू दे."